अठरावी भाषा

दिवाळी अंकातला टीकालेख म्हटला, की वाचकाच्या मनात दोनच शक्यता उभ्या राहतात. एक तर लेखक एखाद्या दिवंगत कवीला पुन्हा एकदा मोठा करणार, किंवा एखाद्या हयात कादंबरीकाराला पहिल्यांदाच लहान करणार. फराळाचे ताट बाजूला सारून वाचावे असे ह्या दोहोंत फारसे काही नसते, हे मी जाणून आहे. म्हणून यंदा टीकेसाठी मी निराळीच कृती निवडली आहे. तिचा खप मराठीतल्या सगळ्या पुस्तकांच्या एकत्रित खपाहून अधिक आहे. ती मुंबईहून प्रकाशित होते, आणि १९२८ सालापासून तिची छपाई आपल्या नाशिकरोडला होत आलेली आहे. वाचकाच्या हाती पडल्यावर ती फार काळ टिकत नाही, एवढी एकच तक्रार तिच्याविषयी घरोघर ऐकू येते. ही कृती म्हणजे आपली चलनी नोट. आणि तिच्या जोडीला तिचे थोरले भावंड, नाणे.

नोटेवर टीका लिहिता येते काय, असे कुणी विचारील. माझ्या मते अवश्य येते. टीकाकार कोणत्याही कृतीला शेवटी एकच प्रश्न विचारीत असतो: जे सांगायचे आहे ते ह्या कृतीने ज्याला सांगायचे त्याच्यापर्यंत पोहोचवले काय? आशय आणि आकृतिबंध ह्यांवर आपल्याकडे पुष्कळ शाई सांडली आहे. नोटेचा आशय अगदी सरळ आहे. मी दहा आहे, मी शंभर आहे, मी पाचशे आहे, एवढेच तिला सांगायचे असते. हा साधा आशय तिचा आकृतिबंध सर्वांना सांगू शकतो की नाही, हे तपासायला कुणी साहित्यशास्त्र शिकावे लागत नाही.

ह्या बाबतीत आपली नोट वरवर पाहता अत्यंत उदार आहे. तिच्या दर्शनी बाजूवर हिंदी आणि इंग्रजी आहे, आणि पाठीवरच्या चौकटीत एकाखाली एक पंधरा भाषांतून तिची किंमत लिहिलेली आहे. मोजून पाहा. आठव्या ओळीत आपली मराठी सापडेल. वर सात, खाली सात, बरोबर मधोमध. म्हणजे एकंदर सतरा भाषा. एवढ्या भाषांना एका तळहाताएवढ्या कागदावर गुण्यागोविंदाने नांदवणे हे काही लहान काम नव्हे, आणि त्याबद्दल मला ह्या नोटेचे कौतुक आहे. परंतु ह्या सतराही भाषा डोळ्यांच्या आहेत. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी एक अठरावी भाषा लागते. ती स्पर्शाची. ही अठरावी भाषा आपली नोट बोलते काय, आणि बोलत असल्यास कितपत शुद्ध बोलते, हा माझ्या टीकेचा विषय.

अलीकडे ह्या विचाराला ‘सुगम्यता’ असे सरकारी नाव मिळाले आहे. नाव जरा भारदस्त आहे. पण अर्थ घरगुती आहे. वस्तू अशी घडवावी, की निरनिराळ्या शरीरांच्या माणसांना ती आपली आपण वापरता यावी. मागाहून कुणासाठी तिला ठिगळ लावावे लागू नये. २०१६ साली संसदेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो नवा कायदा केला, त्यात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आले आहे. कायदा वाचून लोक जागे होतात की नाही ते मला सांगता येणार नाही. मराठी माणसाला मात्र पैशाच्या बाबतीत हे तत्त्व त्याच्या भाषेनेच कधीचे शिकवून ठेवले आहे.

आपल्या भाषेतला पैसा डोळ्यांनी फारसा ओळखलाच जात नाही. तो कानांनी आणि हातांनी ओळखला जातो. चांगला माणूस म्हणजे खणखणीत नाणे. सून असो, जावई असो वा बैल असो, घ्यायचा तो वाजवून घ्यावा, असे आपले वाडवडील सांगत. खोटा रुपया बद्द वाजे. मजुरी हातावर टेकवली जाते, गरिबाचे हातावर पोट असते, पैसा हा हाताचा मळ असतो, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असते. मुठीतला ऐवज मूठ न उघडता कळतो, असे ज्या भाषेने गृहीत धरले, तिच्या बोलणाऱ्यांनी एके काळी कोणत्या प्रकारची नाणी हाताळली असतील ह्याची कल्पना यावी.

ती नाणी अजून पुष्कळांच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या डब्यात असतील. आमच्याही घरी आहेत. त्यांत मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा आहे. १९४३ पासून चारपाच वर्षे तो पाडला जात होता. कंगोऱ्यांचा एक आणा आहे, चौकोनी दोन आणे आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली, आणि आण्यांची जागा नव्या पैशांनी घेतली, तेव्हाही ही चाल मोडली नाही. पाच पैसे चौकोनी, दहा पैसे कंगोऱ्यांचे, दोन पैसे कंगोऱ्यांचेच पण चणीने लहान, आणि पुढे १९६४ साली आलेले तीन पैसे षट्‌कोनी. अंधारात डब्यात हात घातला तरी कोण कोण ते बोटांना बोलून दाखवतात. ह्या नाण्यांचा आकृतिबंध आशयाशी असा एकजीव आहे, की टीकाकाराला बोलायला जागाच ठेवलेली नाही.

आता १९५१ च्या जनगणनेत ह्या देशात शंभरांतली जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. नाण्यावरचा आकडा वाचणे बहुसंख्यांना शक्य नव्हते. टाकसाळीने हे आकार कुणाला डोळ्यांसमोर ठेवून घडवले असोत, निरक्षराला जे उपयोगी पडले तेच अंधालाही पडले, आणि घाईत असलेल्या साक्षर डोळसालाही पडले. एका गरजेसाठी केलेली सोय दहा जणांच्या दारी आपोआप पोहोचते, ती अशी.

मग पुढे काय झाले? नाणी हळूहळू एकाच साच्याची होत गेली. गोल, गुळगुळीत, पोलादी. २००७ साली एक नि दोन रुपयांवर अनुक्रमे अंगठा आणि दोन बोटे उमटली. कल्पना मोठी रम्य होती. बोटांची चित्रे काढून संख्या सांगायची! परंतु ही बोटे पाहायची होती. बोटांनी वाचायची नव्हती. २०११ च्या मालिकेत दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे झाले, आणि पाच रुपयांचे २३. म्हणजे जो मोलाने मोठा तो अंगाने लहान. जाडी नि वजन ह्यांनी थोडी भरपाई होते हे खरे, तरी वाचकाला आधी चकवून मग खुलासा करणाऱ्या लेखकाला आपण चांगला लेखक म्हणत नाही.

न्याय करायचा तर इथेच एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. मार्च २०१९ मध्ये जी नाणी आली ती ह्या परंपरेत पुष्कळच वरची आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा सल्ला त्यांच्या घडणीत घेतला गेला, आणि अंधांना ओळखू यावीत हा हेतू उघडपणे जाहीर केला गेला. एक रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७. वजनही त्याच क्रमाने चढत जाणारे. वीस रुपयांचे नाणे दहाइतकेच रुंद, पण वजनाने जड आणि बारा कडांचे, त्यामुळे बोट फिरवले की गोलाई मोडते आणि शंका फिटते. मोलाबरोबर माप वाढावे हा नियम किती साधा आहे! तो पुन्हा सापडायला आपल्याला अर्धशतक लागले. तरीदेखील एक अडचण उरते. ह्या नव्या दोन रुपयांचा व्यास आणि २०११ च्या पाच रुपयांचा व्यास एकच, आणि दोन्ही नाणी आज एकाच खिशात असतात. नाणे तीसतीस वर्षे हिंडते. डोळ्याला नवे आवडते, बोटाला जुने; दर काही वर्षांनी चेहरामोहरा बदलणाऱ्या नाण्यांशी डोळा पाच मिनिटांत ओळख करून घेतो, बोटाला मात्र ती ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

नाणे निदान धातूचे असते. नोट बिचारी कागदाची. तिला स्पर्शाची भाषा शिकवायचा पहिला मोठा प्रयत्न १९९६ पासून आलेल्या महात्मा गांधी मालिकेत झाला. वीस रुपयांपासून पुढे प्रत्येक नोटेवर शाईच्या उठावाने एक खूण उमटवली जाऊ लागली. विसावर उभा आयत, पन्नासावर चौकोन, शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ आणि हजारावर हिरकणी. शिवाय नोटांची मापे वेगळी होती. वीस १४७ मिलिमीटर लांब, शंभर १५७, पाचशे १६७, हजार १७७. पन्नासाची लांबी विसाएवढीच, पण रुंदी एक सेंटिमीटर अधिक. सेंटिमीटराचा फरक बोटाला लागतो. २०१५ साली तर शंभर, पाचशे आणि हजारावरच्या खुणा दीडपट मोठ्या करण्यात आल्या, आणि कडांना उठावाच्या तिरक्या रेघा आल्या. शंभराला चार, पाचशेला पाच, हजाराला सहा. हे पाऊल फार समजूतदारपणाचे होते. दुर्दैव असे, की वर्षभरातच, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, त्यांतल्या पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्या.

त्यानंतर जी नवी मालिका आली तिच्यावर माझा मुख्य आक्षेप आहे. तिच्यात रंग आहेत, देशातली थोर स्मारके आहेत, आकडे ठळक आहेत, वरच्या नोटांवर रेघा आणि खुणाही आहेत. पण मापे? शंभर १४२ मिलिमीटर, दोनशे १४६, पाचशे १५०. रुंदी तिघींचीही ६६. एकीत नि दुसरीत चार मिलिमीटर. म्हणजे जेमतेम एका तांदळाच्या दाण्याएवढे. ह्या दाण्याचे अंतर ओळखायला दोन्ही नोटा एकदम हातात हव्यात. एकटी नोट हाती आली तर ती लांब की आखूड हे कशाशी ताडून पाहायचे? त्यातही वाईट म्हणजे जुन्या लहान नोटा अद्याप चालतात. जुनी विसाची नोट १४७ मिलिमीटर लांब आहे आणि नवी दोनशेची १४६. एक मिलिमीटर लांबीचा नि तीन मिलिमीटर रुंदीचा फरक, आणि मोलाचा फरक दसपट! छापखान्यातल्या मुद्रितशोधकाने एक शून्य गाळले तर त्याची नोकरी जाते.

त्या हिवाळ्यातली एक गोष्ट सर्वांना आठवत असेल. नव्या नोटांची मापे जुन्या एटीएम यंत्रांना जुळेनात, तेव्हा देशभर तंत्रज्ञ पाठवून यंत्रांची दुरुस्ती करून घ्यावी लागली. रोज वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येत. यंत्रांना नोट ओळखता येत नाही हा राष्ट्रीय प्रश्न झाला. लाखो माणसांच्या बोटांनाही ती ओळखता येत नव्हती. तो मात्र त्यांचा त्यांचा घरगुती प्रश्न राहिला. नोट आखणाऱ्याच्या मनात वाचक म्हणून कोण होता आणि कोण नव्हता, ह्याचा याहून स्पष्ट पुरावा मला सापडत नाही.

उठावाच्या खुणांचीही एक कथा आहे. नव्या मालिकेत त्या शंभर आणि त्यापुढच्या नोटांपुरत्याच उरल्या. दहा, वीस, पन्नास मुक्या झाल्या. त्यातल्या विसाच्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत. दगडात खोदलेले, बोट फिरवले तर घडीघडीने उलगडेल असे ते शिल्प, आणि त्याचे चित्र मात्र साफ सपाट! भाजी, रिक्षा, बसचे तिकीट हे व्यवहार ह्या लहान नोटांवरच चालतात, तेव्हा सर्वांत अधिक हाताळल्या जाणाऱ्या नोटांना स्पर्शाची भाषा सर्वांत कमी यावी, हे उफराटे आहे. वरच्या नोटांवरच्या खुणाही शाईच्या. नोट चार महिने हिंडली, घामाच्या खिशात मुरली, की पहिल्यांदा झिजतो तो उठाव. रंग राहतो, चित्र राहते. अंध माणसासाठी छापलेले तेवढेच पुसले जाते.

शिवाय त्रिकोण, चौकोन, वर्तुळ ह्या मूळच्या डोळ्यांच्या आकृती. त्या उंच केल्या म्हणून बोटांच्या होत नाहीत. हा अनुभव जगाने एकदा घेतलेला आहे. पॅरिसच्या अंधशाळेत पूर्वी मुलांना साधी रोमन अक्षरेच उठावाने छापून वाचायला देत. पुस्तके अवजड होत, आणि एकेक अक्षर चाचपता चाचपता मुले दमून जात. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल नावाच्या अंध विद्यार्थ्याने अक्षराचे चित्र टाकून दिले आणि सहा टिंबांची लिपी बांधली. १८२९ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आज आपल्या मराठीसकट भारतातल्या भाषांची भारती ब्रेल त्याच सहा टिंबांवर उभी आहे. ती १९५१ साली ठरली. डोळसांनी अंधांसाठी केलेली लिपी मागे पडली, आणि अंधाने स्वतःसाठी केलेली टिकली. आपल्या नोटेवर २०१५ मध्ये आलेल्या कडेच्या रेघा ह्या दुसऱ्या जातीच्या आहेत. मोजता येतात, कडेवर असतात, बोटाला शोधत बसावे लागत नाही. तोच धागा लहान नोटांपर्यंत ओढत न्यायला हवा होता.

हे आक्षेप मी पहिल्यांदा घेतो आहे असे मुळीच नव्हे. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ह्या संस्थेने नव्या नोटा-नाण्यांच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०१९ मधल्या सुनावणीत न्यायमूर्तींनीही, नोटांची मापे वरचेवर का बदलावी लागतात, असा सरळ प्रश्न रिझर्व्ह बँकेला विचारला. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने एक मोबाइल ॲप लोकांना दिले. त्याचे नाव ‘मनी’. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते तिची किंमत बोलून दाखवते, घडी घातलेली नोटही ओळखते, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. काम प्रामाणिक आहे. मात्र नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही. आणि चित्र डोळ्यांसमोर आणा: मंडईत गर्दी आहे, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पांढरी काठी, आता मोबाइल काढायचा, ॲप उघडायचे, नोट सपाट धरायची, पुरेसा उजेड आहे अशी आशा करायची, आणि मागच्या बायकांच्या “अहो, आटपा की!” ह्या गजरात ते यंत्र काय पुटपुटले ते ऐकायचे. भोकाच्या पैशाला ह्यातले काहीही लागत नव्हते. जे काम नोटेने करायचे ते नोट वापरणाऱ्याच्या गळ्यात टाकणे, ह्याला सोय म्हणायला माझे मन घेत नाही.

आमचे एक स्नेही गायन शिकवतात. जन्मांध आहेत. पेटीवरचा सूर जसा चाचपावा न लागता त्यांच्या बोटाखाली येतो, तशी जुनी नाणी येत असत. नोटा ते वेगवेगळ्या घड्या घालून ठेवतात: शंभराची आडवी, पाचशेची चौपदरी, विसाची सरळ. म्हणजे घरून निघताना कुणीतरी डोळसाने एकदा सांगायचे, आणि पुढे घडीवर भिस्त. सुटे परत आले की घड्यांचा हिशेब विसकटतो. लोक तुम्हांला फसवतात काय, असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, “फसवत नाहीत हो. माणसं चांगली आहेत. पण मला फसवलं नाही, हेसुद्धा दर वेळी मला त्यांच्याकडूनच कळतं. त्याचा कंटाळा येतो.” ह्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सुगम्यतेविषयी जे ग्रंथ लिहिले जातात त्यांचे सार ह्याहून वेगळे असेल असे वाटत नाही. आपल्या कष्टाचे पैसे किती आहेत हे दुसऱ्याच्या सचोटीवर विसंबून कळणे, ही एक प्रकारची रोजची उधारी आहे, आणि ती कधी फिटत नाही.

नोट आता जुनी झाली, सगळा पैसा मोबाइलमध्ये गेला, तेव्हा हा वाद शिळा आहे, असेही कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, आणि धोकाही आहे. २०१६ पासून आलेल्या यूपीआयने आमच्या स्नेह्यांना मोठी मोकळीक दिली हे तेच सांगतात. मोबाइल पडद्यावरचे वाचून दाखवतो. रक्कम कानाला कळते. दुकानातली ती बोलकी डबी, जी ‘इतके रुपये मिळाले’ असे ओरडते, ती दुकानदाराच्या सोयीसाठी आली, पण गल्ल्यावर बसलेल्या अंध विक्रेत्याची ती विश्वासू कारकून झाली. उलट बाजूही पाहा. काही दुकानांत कार्डाचे यंत्र आता नुसती काच असते. पूर्वी त्यावर बटणे होती आणि पाचाच्या बटणावर एक टिंब होते; त्या टिंबावरून बोट बाकीचे आकडे हुडकी. काचेवर पाच नाही आणि सातही नाही. अशाच एका दुकानात आमच्या स्नेह्यांना आपला गुप्त आकडा गल्ल्यावरच्या पोराला तोंडाने सांगावा लागला. मग तो गुप्त कसला?

ही तक्रार आता किरकोळ मानता येणार नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या खटल्यात दाद मागणाऱ्यांत ॲसिडच्या हल्ल्यात चेहरा नि डोळे गमावलेल्या स्त्रिया होत्या. बँकेसाठी ओळख पटवताना मोबाइल सांगत असे, डोळे मिचकावा. ज्यांना डोळे मिचकावता येत नाहीत त्या जिवंत असल्याचे यंत्राला पटत नव्हते. नोट आखताना ज्या माणसाचा विसर पडला, त्याचाच ॲप आखताना पुन्हा विसर पडला. कागद गेला, काच आली, विसर मात्र जुनाच.

अशी माणसे असून असून किती, आणि त्यांच्यासाठी खर्च किती करायचा, हा आक्षेप नेहमीचा आहे. २०११ च्या जनगणनेत दृष्टिबाधित माणसांची संख्या सुमारे ५० लाख भरली. पण मी संख्येवर भर देणार नाही, कारण बोटांनी पैसे वाचणारे ह्याहून कितीतरी अधिक आहेत. खचाखच भरलेल्या एसटीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने चामडी पिशवीतून नेमके सुटे काढणारा कंडक्टर पिशवीत डोकावत नसे. भाजीवाली बोलता बोलता गोणपाटाखाली हात घालून पाचाचे नाणे काढते. मोतीबिंदू झालेली आजी दिवेलागणीला विसाची पिवळसर नोट आणि दोनशेची पिवळी नोट डोळ्यांजवळ नेऊन नेऊन पाहते. हे सगळे अठराव्या भाषेचे वाचक आहेत. आपणही, आयुष्य लांबले, तर त्या वर्गात नाव घालणारच आहोत.

इतर देशांकडे पाहिले तर हे जमते असे दिसते. युरोची नोट २००२ साली व्यवहारात आली ती युरोपातल्या अंधांच्या संघटनेशी आधी सल्लामसलत करून; मोलाबरोबर मापही वाढते. अमेरिकेत मात्र सगळ्या नोटा एकाच मापाच्या, आणि ह्यामुळे अंधांवर अन्याय होतो असे तिथल्या अपील न्यायालयाला २००८ साली सांगावे लागले. सर्वांत मला भावते ती ऑस्ट्रेलियाची हकीकत. तिथल्या एका अंध शाळकरी मुलाला नाताळात पैसे भेट मिळाले, आणि किती मिळाले ते त्याला कळेना. आपल्याकडे भाऊबीजेला बहिणीच्या तबकात ओवाळणी पडते, तसाच हा प्रसंग. त्याने मोठ्यांना विचारत बसण्याऐवजी थेट मागणी लावून धरली, की नोटाच बोलक्या करा. १ सप्टेंबर २०१६ पासून तिथे नवी पाच डॉलरची नोट आली. तिच्या दोन्ही लांब कडांना एकेक उंचवटा आहे. दहाला दोन, विसाला तीन, पन्नासाला चार, शंभराला पाच. एवढेच. त्यासाठी मोबाइल लागत नाही, आणि तुलनेला दुसरी नोटही लागत नाही.

तेव्हा माझा अभिप्राय थोडक्यात असा. चित्रे, रंग, अक्षरांची सजावट ह्या दृष्टीने आपली नोट चांगली आहे. नाण्यांनी २०१९ पासून योग्य वाट धरली आहे. ती आता सोडू नये. नोटेच्या पुढच्या आवृत्तीत दहापासून पाचशेपर्यंत प्रत्येकीच्या कडेला बोटाने मोजता येईल अशी खूण असावी, मापांत भरीव अंतर असावे, आणि एकदा ठरलेली भाषा निदान एक पिढी बदलू नये. आवृत्ती छापायला जाण्यापूर्वी तिचे मुद्रित नेहमीच्या तज्ज्ञांबरोबर बोटांनी वाचणाऱ्या माणसांकडेही तपासायला द्यावे, आणि नोट कोरी असताना तसेच चार महिने वापरून मऊ झाल्यावरही द्यावे.

हे मागताना मी नोटेकडून नवीन काही मागत नाही. प्रत्येक मोठ्या नोटेवर गव्हर्नरसाहेबांच्या सहीने एक वचन छापलेले असते. ते वचन नोट पाहणाऱ्याला दिलेले नाही, वाचणाऱ्यालाही नाही. ते धारकाला दिलेले आहे. आणि धारक म्हणजे, मराठीत तरी, ती ज्याच्या हातात आहे तो.